उजव्या बाजूचे ठिपके

२ फेब्रुवारी

लाडक्या चिमणीस आजीकडून पोतंभर आशीर्वाद. पोत्याला भोक नाही, बघून घेतलंय.

आधी कामाचं. पाकिटात कागदाची पुडी आहे, पुडीत कॅमेऱ्यातली चिप आहे. उघडताना शिंकू नकोस, नखाएवढी आहे मेली. गेल्या शनिवारची पिठाच्या डब्यात पडली आणि मला अख्खा डबा चाळावा लागला. पोस्टमन दारात उभा. म्हणाला, "आजी, सोनं चाळताय की काय?" म्हटलं, सोनं तुझ्या घरी, यात माझी विहीणबाई आहे.

तुमच्या ऑफिसात त्या बिबट्याच्या मादीला नऊ नंबर म्हणतात ते तुमचं तुम्हाला लखलाभ. माणसाला नंबर देतात तो तुरुंगात. मी तिला विहीणबाई म्हणते. सांगून येत नाही, येते ती आपल्या वेळेला. उजाडता उजाडता दगडी बांधाच्या वाटेने जाताना माझ्या घराकडे अशी बघते, जसा काही कुठेतरी केर राहिलाय. आणि काही न खाता निघून जाते. तुझ्या आईची आई अगदी अशीच यायची. आईला वाचून दाखवू नकोस.

सहा वर्षं झाली, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला बघते. आता दातबित गेले असावेत, चालही माझ्यासारखी झालीय. कुणाच्या कोंबडीला हात लावला नाही तिने. पाय म्हण हवं तर.

खरं सांगू? दुसरीतून शाळा सुटली माझी, आणि पंच्याहत्तराव्या वर्षी नोकरी लागली. दर शनिवारी कॅमेऱ्याची चिप काढायची, दुसरी घालायची, पाकिटात भरायची. दूधवाली म्हणते, आजी आता साहेब झाल्या. मी म्हटलं, झालेच मुळी. वादळात पडलेली फोनची तार अजून पडलेलीच आहे आणि मोबाईलला पाणवठ्यापलीकडची टेकडी चढावी लागते, तेव्हा तुझी वाट बघायची ती पत्रातच. तरी बरं, नोकरीमुळे तुला उत्तर देणं भाग पडतं.

तुझी आजी

•

९ फेब्रुवारी

प्रिय आजी,

चिप पोचली. शिंकले नाही. आईला वाचून दाखवलं, ती हसली आणि मग दिवसभर बोलली नाही.

तुझे फोटो ऑफिसात सगळ्यांत स्वच्छ येतात. साहेब म्हणाले, या कोण आहेत? मी म्हटलं, आमच्या मुख्य अधिकारी.

आता नीट ऐक. जंगलाच्या रखवालदाराबरोबर दुसरा कॅमेरा पाठवतेय. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके म्हणजे माणसाच्या अंगठ्याचा ठसा, एकासारखे दुसऱ्याचे नसतात. आमचं मशीन फोटो बघून लगेच सांगतं हा कोण. पण एका अंगावरचे ठिपके दुसऱ्या अंगावर नसतात गं. डाव्या बाजूवरून उजवी सांगता येत नाही. नऊ नंबरची डावी बाजू सहा वर्षांपासून आमच्याकडे आहे, उजवी एकदाही मिळाली नाही. म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना दोन कॅमेरे, समोरासमोर. ती मधून गेली की एकदमच दोन्ही बाजू. दोन फोटो एकाच मिनिटाचे असले की मशीन ते एकाच जनावराचे धरून जोडतं. एकदा जोडलं की पुढे तसंच चालतं.

मागचं झाड, दगड, गवत मशीन कापून टाकतं. त्याला फक्त ठिपके कळतात. आम्ही इथे तिघीजणी आणि फोटो चाळीस हजार, प्रत्येक फोटो डोळ्यांनी बघणं होत नाही. म्हणून आजी, रखवालदार लावून देईल तिथून कॅमेरा तसूभरही हलवायचा नाही. शपथ घातली तर तू मलाच घालशील, म्हणून नुसतं सांगते.

तुझी चिमणी

•

२४ फेब्रुवारी

चिमणे, तुला आशीर्वाद, आणि तुझ्या साहेबांनाही थोडे दे, उरलेत.

या वेळी पुड्या दोन आहेत. एकीवर ‘डा’ आणि एकीवर ‘उ’ लिहिलंय. ‘उ’ जरा उलटा आलाय पण समजून घे.

रखवालदार आला, खांब रोवला, कॅमेरा बांधला, दोन कप चहा प्याला आणि तुझंच सगळं पुन्हा मला ऐकवून गेला. मी हो हो म्हटलं. तो गेल्यावर बघते तर काय, दोन कॅमेरे समोरासमोर डोळे वटारून उभे! एकाच लग्नाला दोन फोटोवाले बोलवावेत आणि दोघांनी एकमेकांचेच फोटो काढत बसावं, तसं. मला मेलं हसूच आवरेना. केवढी महागाची वस्तू, आणि काम काय, तर दुसऱ्याने बघितलेलंच बघायचं. असो. तुम्ही शिकलेली माणसं. दोन्ही कॅमेरे चालू आहेत, तू काळजी करू नकोस. एका फोटोवाल्याला मी जरा कामाला लावलंय म्हण. शनिवारचं माझं चालणं थोडं वाढलं, पण डॉक्टर म्हणतोच ना, बसू नका म्हणून.

फोटो भरपूर मिळतील बघ आता. साळिंदर, ससे, रानमांजर, सगळी वरात.

इकडचं म्हणशील तर खालच्या घरचा कुत्रा आठ दिवस दिसला नाही. ते म्हणतात, कुत्रीच्या मागे गेला असेल. त्याच्या वयाला म्हटलं तर माझ्याएवढा, तो कुठला जातोय कुत्रीच्या मागे. दूधवालीच्या शेळ्याही पाण्याकडे जायचं म्हटलं की पाय रोवतात. तिने कान धरून ओढलं तरी हलत नाहीत. मी म्हटलं, तुझ्याच शेळ्या त्या, तुझ्यावर गेल्या.

विहीणबाई मात्र वेळेवर. काल थांबून मागे वळून बघत होती. कुणाची वाट बघतेस गं बाई, म्हटलं मी खिडकीतून.

तुझी आजी

•

३ मार्च

प्रिय आजी,

मिळाली! नऊ नंबरची उजवी बाजू मिळाली. अठरा तारखेला सकाळी सहा वाजून चार मिनिटं, दोन्ही कॅमेऱ्यांत एकदम. मशीनने जोडून टाकली. ऑफिसात टाळ्या वाजल्या, तुझ्या नावाने. उलटा ‘उ’ साहेबांनी भिंतीवर लावलाय.

एक गंमत सांगू? तुझी विहीणबाई डावीकडून हडकुळी आणि उजवीकडून केवढी थोराड दिसते! मान तर चांगली जाड. मी दोनदा बघितलं. मशीनला पुन्हा विचारलं, ते म्हणतं तीच. कॅमेरा जवळ-लांब असेल तर असं दिसतं म्हणा. तू कॅमेऱ्याच्या जवळून चालत नाहीस ना? ती गेल्यावर लगेच जाऊ नकोस, तासभर थांबत जा.

कुत्र्याचं वाचून बरं वाटलं नाही. तू सकाळी एकटी पाण्याकडे जाऊ नकोस. काठी घे.

तुझी चिमणी

•

११ मार्च

चिमणे,

आज आशीर्वाद नुसतेच. विनोद सुचत नाही.

मेंढ्यांचा म्हातारा गेला. तोच, ज्याच्या काठीला घुंगरू होतं, तुला लहानपणी मेंढीवर बसवायचा तो. मंगळवारी ऊन चढल्यावर पाण्यावर गेला, वाकून ओंजळीने पाणी पीत होता. मेंढ्या धावत घरी आल्या, म्हातारा आला नाही. लोक गेले तेव्हा फरफटल्याची खूण होती, पुढे वेळूच्या जाळीपर्यंत. बाकीचं मी लिहीत नाही.

वस्तीत आता दुपारीही दारं बंद. हापशावर बायका चौघी-चौघी जातात. एरवी चौघी जमल्या की हापसा गप्प आणि बायका चालू, आता बायका गप्प आणि हापसा चालू. रखवालदार बंदूकवाल्याला घेऊन फिरतोय. म्हाताऱ्याची एक मेंढीही तिथेच मेलेली सापडली, तिच्याजवळ त्याने आपला कॅमेरा बांधलाय. म्हणतो, जनावर पुन्हा खायला येईल, फोटो मिळेल, मशीन सांगेल कोण ते.

सांगू दे बाई एकदा. कुणी परकंच असणार. रानात नवीन आलेलं, कुठून तरी हाकललेलं. विहीणबाई नाही हो. ती तसली असती तर मला सहा वर्षांपूर्वीच खाल्लं असतं, मी तिच्याकडे बघून इतकी बडबड करते.

चिपा दोन्ही पाठवतेय. शनिवारी मी गेले होते, रागावू नकोस. काठी होती.

आजी

•

१७ मार्च

प्रिय आजी,

हे लिहायला मला दोन दिवस लागले.

रखवालदाराचा फोटो आला. मेंढीवर बसलेलं जनावर, उजवी बाजू, स्वच्छ. मशीनने अर्ध्या मिनिटात सांगितलं. नऊ नंबर. शंभरात चौऱ्याण्णव खात्री. आम्ही तिघींनी डोळ्यांनी ताडून बघितलं, तुझ्या ‘उ’ पुडीतल्या फोटोशी ठिपका न् ठिपका जुळतो.

माणसं चुकतात आजी, प्रेमात तर जास्तच. ठिपके चुकत नाहीत. जनावर म्हातारं झालं, दात गेले, की पळणारं सावज सापडत नाही, मग ते वाकलेल्या माणसाला धरतं. पुस्तकात असंच आहे. तूच लिहिलं होतंस, दात गेले असावेत.

साहेबांनी पिंजऱ्याचा हुकूम काढला. तिच्या ठरलेल्या वाटेवर, तुझ्या बांधापाशी लावतील, कारण ती रोज तिथून जाते हे आपल्यालाच माहीत आहे. तुझ्यामुळे. मला माफ कर. पण ती पकडली गेली की मी झोपेन.

चिमणी

•

२७ मार्च

चिमणे, पोटभर आशीर्वाद.

सुटलो बाई. शुक्रवारी सकाळी पिंजरा पडला. खटका एवढा मोठा वाजला की माझ्या हातातलं दूध सांडलं.

मी बघायला गेले. अख्खी वस्ती गेली, मी का नको? मला वाटलं होतं गुरगुरेल, गजांवर धडका देईल. नाही. कोपऱ्यात बसून होती, पाय पोटाशी घेऊन. इतकी लहान असते ती! खिडकीतून मोठी वाटायची. लोक शिव्या देत होते, म्हाताऱ्याच्या सुनेने माती फेकली. फेकणारच बिचारी. विहीणबाई सगळ्यांवरून नजर फिरवत माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. मी म्हटलं, का केलंस गं असं? मग पदराने तोंड पुसलं आणि घरी आले. मशीनने सांगितलंय म्हटल्यावर मी कोण?

रखवालदार पिंजरा ट्रकात घालून तुमच्याकडे निघालाय. तोवर बंदूकवालाही आपल्या घरी गेला, आता त्याचं काय काम?

पण वस्तीत जीव आला हो. दारं उघडी, पोरं बाहेर, हापशावर पुन्हा भांडणं. दूधवालीने तर काल जुनी पाण्यावरची वाट धरली, मोठा फेरा वाचतो म्हणून. शेळ्या अजून नाटकं करतात, तिने त्यांना घरीच बांधलं. माझे गुडघे सुजलेत तर ती म्हणाली, "आजी, शनिवारी तुमची ती चिप मी काढून आणते. मलाही कळू दे साहेब झाल्यावर कसं वाटतं." मी तिला खटका कुठे, झाकण कुठे, सगळं दाखवून ठेवलंय. बसून करायचं काम आहे, खांबाच्या बुडाशी आहे ना ते.

तू आता झोप.

तुझी आजी

•

३० मार्च

आजी,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय, तो पोस्टमनला शनिवारी सकाळी देईल. रखवालदार पिंजरा उतरवून परत फिरलाय, त्याचा मोबाईल लागत नाही. याहून लवकर मला काही जमलं नाही.

पिंजऱ्यातल्या मादीचे आज इथे फोटो काढले, दोन्ही बाजूंचे, हातभर अंतरावरून. डावी बाजू नऊ नंबरची. उजवी बाजू कुणाचीच नाही. आमच्याकडे नाहीच ती. तुझ्या ‘उ’ पुडीतली उजवी बाजू तिची नाही. म्हाताऱ्याला मारलं तीही उजवी बाजू तिची नाही.

मी ‘उ’चे मूळ फोटो काढून बघितले, मशीनने कापायच्या आधीचे. मागे पाणी आहे. आजी, बांधाच्या वाटेवर पाणी कुठून आलं? उजवा कॅमेरा कुठे आहे?

नऊ नंबर दोन आहेत. एक आमच्याकडे आहे, म्हातारी, विष्ठेत उंदरांची हाडं सोडून काही सापडलं नाही. दुसरा नर आहे, मोठा, आणि तो तिथेच आहे. कुणीही पाण्याकडे जाऊ नका. कुणीही वाकू नका, बसू नका. दारं लावा, सगळ्यांना सांग. मी सोमवारच्या बसने निघते.

चिमणी

•

२ एप्रिल

चिमणे,

तुझं पत्र सकाळी मिळालं. घाईतलं अक्षर मला लागेना, म्हणून पोस्टमनने पायरीवर बसून वाचलं. "उजवा कॅमेरा कुठे आहे" इथवर तो आला आणि मी म्हटलं, पुरे. दूधवाली चिप आणायला जाऊन पाव तास झाला होता.

मी पातेलं घेतलं आणि उलथनं घेतलं. पोस्टमन म्हणाला, "आजी, तुम्ही बसा, मी जातो." मी म्हटलं, तुला कॅमेरा कुठे आहे ते माहीत नाही. ते आम्हा दोघींशिवाय कुणालाच माहीत नाही रे.

गुडघे कसे चालले देव जाणे. खडक ओलांडला की पाणी दिसतं. दूधवाली पाठमोरी, खांबाच्या बुडाशी उकिडवी बसलेली, झाकणाशी खटपट करत होती. आणि तिच्या बाजूच्या गवतात दहा पावलांवर गवताहून पिवळं काहीतरी होतं. ते हलत नव्हतं. मी पातेलं बडवायला लागले. बेंबीच्या देठापासून ओरडले, उभी राहा, उभी राहा! ती उठली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय आजी, कुणाची वरात काढलीत?" ती उठली म्हणून वाचली. बसूनच मान वळवली असती तर नाही.

मग त्यानेही डोकं वर काढलं. चिमणे, केवढं डोकं ते. मानच दिसेना, सगळं डोकंच. लोक म्हणतात आवाजाने जनावर पळतं. मी बडवत होते, पोस्टमन ओरडत होता, दूधवालीने बघितलं आणि ती आमच्याकडे मागे मागे सरकायला लागली. ते पळालं नाही. आम्हा तिघांना एकेक करून बघितलं, बाजारात बघतात तसं, आणि पुन्हा गवतात खाली बसलं. दिसेनासं झालं. गेलं नाही, नुसतं दिसेनासं झालं. आम्ही पाठ न वळवता, एकमेकांचे पदर-शर्ट धरून, उलट्या पावलांनी घरापर्यंत आलो. दूधवाली माझ्या पलंगावर आहे.

आता ऐक, आणि हे जसंच्या तसं साहेबांना वाचून दाखव. रखवालदाराची चूक नाही, मशीनची नाही, तुझी तर नाहीच. खांब मी उपटला. रखवालदार गेला त्याच संध्याकाळी, दूधवालीची पहार आणून. दोघांनी एकच बघायचं हे मला पटलं नाही. म्हटलं, एक पाण्यावर ठेवू, जास्त जनावरं दिसतील, चिमणीचं ऑफिसात कौतुक होईल. तुला कळवणार होते. मग तू टाळ्यांचं लिहिलंस, भिंतीवरच्या ‘उ’चं लिहिलंस आणि मला कळवावंसं वाटेना. तू उजवीकडून थोराड म्हणालीस तेव्हाच मला शंका आली होती. तरी मी गप्प बसले. मेंढ्यांचा म्हातारा त्यानंतर गेला. हे लिहून ठेव. म्हाताऱ्याच्या सुनेला आज मी स्वतः सांगितलं. तिने दार लावून घेतलं.

विहीणबाईला सोडतील का ते विचार. इकडे नको. लांब कुठेतरी, पाणी असेल तिथे. तिची उजवी बाजू तुमच्याकडे नाहीच म्हणालीस, तेव्हा पाण्यावरच्या एकाही फोटोत ती नव्हती म्हणजे ती तिकडे जायचीच थांबली होती. तिला ठाऊक होतं पाण्यावर कोण आहे. ती मागे वळून बघायची ते मी रोज खिडकीतून बघत होते आणि हसत होते.

पोस्टमन वरच्या सडकेने निघालाय. बस स्टँडवरून तुला फोन करेल, येऊ नकोस म्हणून. फोनवर तो एवढंच सांगेल, का ते या पत्रात आहे. बंदूकवाल्यालाही निरोप धाडलाय, तो परवापर्यंत येतो म्हणतात. परवा म्हणजे कोण जाणे.

मी तुला ओळखते. तू म्हणशील, चिप हवी, दोन्ही बाजू हव्यात, म्हणजे मशीनला नक्की सांगता येईल. कॅमेरा अजून पाण्यावरच आहे, झाकण अर्धं उघडं. जनावर समोरून गेलं की तो फोटो काढतच असेल, डावीकडून, उजवीकडून, तुम्हाला हवे तसे. काढू दे. ती चिप आणायला तू यायचं नाहीस, रखवालदाराने यायचं नाही, कुणीच नाही. मी या वेळी शपथ घालते, आणि तुलाच घालते.

घरात आम्ही दोघी आहोत. दार लावलंय, दाराला पाटा टेकवलाय. खिडकीतून बांधाची वाट दिसते. ती आत्ता रिकामी आहे. एवढंच मला इथून सांगता येतं.

आजी